मुळ्याची नाडी

कुणीतरी या जगाला पटवून दिलंय, की माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या मनगटाला जास्त कळतं. तो कोण, मला माहीत नाही. नाव कळलं तरी मी त्याच्यावर खटला भरणार नाही. मी त्याला फक्त महिनाभर माझ्या आईच्या ताब्यात देईन. सकाळी तिळाच्या तेलातलं कोंबडं, दुपारी तिळाच्या तेलातली कलेजी, संध्याकाळी सकाळचं उरलेलं कोंबडं. पंखा बंद, खिडक्या बंद, गार पाण्याचं नाव नाही, आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं तर स्वप्नसुद्धा नाही.

ही शिक्षा मी मनाने रचलेली नाही. तैवानातल्या आमच्या ताइनानमध्ये बाळंतिणीला पहिला महिनाभर असंच वागवतात आणि त्याला माया म्हणतात.

माझी बायको यूनरू बाळंत झाली, त्याच दिवशी आईने बाजारातलं आपलं मासळीचं दुकान मावसभावाच्या हाती दिलं आणि ती मागच्या गल्लीतल्या घरातून आमच्याकडे आली. येताना तिने एक घडीची खुर्ची आणली. ती खुर्ची तिने आमच्या झोपायच्या खोलीच्या दाराबाहेर मांडली आणि त्यावर बसली. मग तिने न्हाणीघरातल्या शॉवरची नळी काढून पिशवीत घातली, केस वाळवायचं यंत्र पिशवीत घातलं, शाम्पूची बाटली पिशवीत घातली, आणि ती पिशवी आपल्या घरी पोचवून आली. (बाबा त्याच दिवशी मासेतळ्यावर राहायला गेले. तिळाच्या तेलाचा वास उतरला की येतो, म्हणाले.)

आईच्या कायद्यात एक कलम होतं. बाळंतीण महिन्याच्या आत घराबाहेर पडली किंवा तिने डोक्यावर पाणी घेतलं, तर झालेले दिवस बाद. महिना पुन्हा पहिल्यापासून. मंदिराजवळच्या एका बाईचा महिना असा तीनदा सुरू झाला होता, आणि ती शेवटी बाहेर आली तेव्हा तिची मुलगी रांगत तिच्या पुढे होती, हे आई अगदी कौतुकाने सांगायची.

आता यूनरू म्हणजे कोण, तर शाळेच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवणारी बाई. अर्धा दिवस पाण्यात असणारी. तिला महिनाभर डोकं कोरडं ठेवायला सांगणं म्हणजे माझ्या आईला महिनाभर भाव करू नकोस म्हणण्यासारखं होतं.

आणि मी कोण, तर नगर कचेरीच्या आरोग्य विभागातला कारकून. लोकांनी रोज चालावं म्हणून जी पत्रकं निघतात, ती मी लिहितो. मी तरुण आहे, शिकलेला आहे, केस खांद्यापर्यंत वाढवलेले आहेत (तो तत्त्वाचा भाग आहे), आणि माझा विश्वास फक्त पुराव्यावर आहे. असा माणूस घरात बाळंतपणाच्या रजेवर बसला, की घरातल्यांनी सावध व्हायला हवं. आमच्याकडे कुणी झालं नाही.

मला ती दाराबाहेरची खुर्ची बघवत नव्हती. शिकलेल्या माणसाच्या घरात पहारा म्हणजे काय? मी एका दुपारी बाजारात जाऊन मनगटावर बांधायचा तो पट्टा घेऊन आलो. पावलं मोजणारा, झोप मोजणारा, नाडी बघणारा.

"आई," मी म्हणालो, "तू दिवसभर इथे बसून नक्की काय बघतेस?"

"ती उठते का, ते."

"आणि तुला डुलकी लागली तर?"

तिला डुलकी लागते, हे खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं.

"हा पट्टा डुलकी काढत नाही. तिच्या मनगटाला बांधायचा. ती किती चालली, किती झोपली, नाडी कशी आहे, सगळं तुला तुझ्या फोनवर दिसेल. तू आपली घरी आरामात बस. पट्टा खोटं बोलत नाही."

(हे शेवटचं वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. आईने ठेवलं होतं.)

यूनरूला सांगितलं तेव्हा ती बाळाला पाजत होती. तिने वर पाहिलं.

"म्हणजे तू मला पट्टा बांधणार."

"स्वातंत्र्यासाठी."

"कुणाच्या?"

"तुझ्याच. आई दारातून हलेल."

तिने थोडा विचार केला आणि हात पुढे केला. दाराबाहेर खुर्ची करकरत होती, त्यामुळे तिने फार विचार केला नसावा.

पट्टा सुरू करणं हा पाच मिनिटांचा उद्योग आहे, असं डब्यावर लिहिलं होतं. आमची सबंध दुपार गेली. फोनने आधी नाव विचारलं, मग जन्मतारीख, मग वजन. वजनाला यूनरू म्हणाली, "हे त्याला कशाला हवंय?"

"हिशेब बरोबर यायला."

"मग तुझं लिही."

"पट्टा तुझ्या हातात असणार."

"तुझं लिही, नाहीतर राहू दे."

मी माझं लिहिलं. पुढे त्याने विचारलं, तुमचं ध्येय काय. वजन उतरवणं होतं, धावणं होतं, डोंगर चढणं होतं. 'पडून राहणं' नव्हतं. मी 'मनाची शांती' निवडली.

मग पट्टा फोनला सापडेना. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याच्या मिनतवाऱ्या करत बसलो. शेजारी आई माझ्या सूपासाठी पांढरा मुळा घेऊन उभी होती. मुळा थंड असतो म्हणून बाळंतिणीला वर्ज्य, त्यामुळे घरात येणारा सगळा मुळा माझ्या वाट्याला. पट्ट्याचं बक्कल कसं लागतं, हे बघायला आईने तो त्या मुळ्याभोवती बांधून पाहिला. आतला हिरवा दिवा लुकलुकला.

"लागली," आई म्हणाली.

"काय?"

"नाडी. सत्तर."

"कुणाची?"

"मुळ्याची."

"आई, मुळ्याला हृदय नसतं."

"सकाळी उपटलेला आहे. जीव असणारच त्यात."

मी तिला समजावलं, की त्या दिव्याचा उजेड परत येतो, त्यावरून तो अंदाज करतो, आणि समोर माणूस नसला तरी बिचारा प्रामाणिकपणे अंदाज करतच राहतो.

"म्हणजे खोटं बोलतो," आई म्हणाली.

"खोटं नाही बोलत. मुळ्याच्या बाबतीत त्याचा गैरसमज होतो."

आईला हे पटलं. तिने मुळा धुतला आणि सूपात टाकला.

पट्टा यूनरूच्या मनगटावर गेला, आईच्या फोनवर मोठाल्या अक्षरांत यूनरू दिसायला लागली, आणि आई खुर्ची घडी करून आपल्या घरी गेली. मी दार लावून यूनरूकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पुढच्याच तासाला पट्टा थरथरला आणि म्हणाला, 'खूप वेळ बसून आहात. उठा, थोडं चाला.'

आई चपला न बदलता आली.

"हा कोण माझ्या सुनेला उठवणारा?"

"आई, तो सगळ्यांनाच सांगतो."

"सगळ्या बाळंतिणी आहेत का? त्याला सांग, तिला मूल झालंय."

ते सांगायची सोय त्यात नव्हती. मी खूप शोधलं. शेवटी चालायची आठवण बंद करायला गेलो, तर पाणी प्यायची आठवणही सुरू झाली. तेव्हापासून दर तासाला पट्टा म्हणायचा 'पाणी प्या', आणि मागच्या गल्लीत बसून आई फोनला म्हणायची, "कोमट."

पहिले दोन दिवस मी स्वतःवर खूष होतो. मग आईला त्या फोनची गोडी लागली. पूर्वी ती दुपारची मालिका बघायची, आता यूनरूची नाडी बघायला लागली. मासळी बाजारातल्या बायकांना दाखवायला लागली. दिवसातून इतके फोन यायला लागले, की मी ते उभ्यानेच घ्यायचो.

"यूनरूची नाडी आत्ता वर गेली. काय झालं?"

"बाळाने शी केली."

"मग ठीक आहे."

थोड्या वेळाने पुन्हा.

"संडासला जाताना कमी पावलं आणि येताना जास्त का?"

यूनरू येताना खिडकीशी थांबली होती. खाली रस्त्यावर एक बाई ओल्या केसांनी स्कूटरवरून चालली होती, ती दिसेनाशी होईपर्यंत हिने खिडक्यांच्या कडेकडेने तिचा पाठलाग केला होता. हे आईला सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, मोजण्यात चूक झाली असेल.

"पट्टा खोटं बोलत नाही," आई म्हणाली.

मी फोन ठेवला तेव्हा यूनरू माझ्याकडेच बघत होती.

"आशुन," ती म्हणाली, "खुर्ची बरी होती. खुर्ची संडासात येत नव्हती."

मी तिच्या बाजूला बसून म्हणालो, की ही संक्रमणाची अवस्था आहे, प्रत्येक सुधारणेत अशी एक अवस्था येते, आणि अशा वेळी आपण दोघांनी मिळून मोठ्या चित्राकडे पाहायला हवं.

"मला केस धुवायचेत," यूनरू म्हणाली.

त्या केसांचं मी वर्णन करणार नाही. एवढंच सांगतो, की त्यांना तिळाचं तेल, आलं आणि तांदळाची दारू असा तिन्हीचा मिळून वास येत होता, आणि बाळ दूध पिताना मध्येच थांबून त्यांच्याकडे बघून शिंकायचं.

"हा तुझा मूलभूत हक्क आहे," मी म्हणालो.

"हक्क नको. शाम्पू हवा."

"शेवटचा आठवडा राहिलाय. पकडलं गेलं तर महिना पहिल्यापासून. विचार कर."

"केलाय. केसांत हात घालून केलाय."

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर क्वेइ मावशीचं केस धुवायचं दुकान आहे. आई तिच्याकडे माझ्या जन्माच्या आधीपासून जाते. तिचा वार शनिवार, त्यात कधी बदल नाही. क्वेइ मावशीने गल्लीतली सगळी गुपितं ऐकलेली आहेत, आणि यंत्राच्या आवाजात आपल्याला काही ऐकूच आलं नाही असं ती सगळ्यांना सांगते. तिच्यावर विश्वास टाकायला हरकत नव्हती. आम्ही बुधवार ठरवला. ती धुणार, मुळापर्यंत वाळवणार, आणि यूनरू दोन जिने चढून परत येणार. तेवढा वेळ पट्टा कुणाच्या तरी मनगटावर हवा होता. शांत, पडून असलेल्या, विश्वासू माणसाच्या.

(तुम्ही हसताय, पण घरात दुसरा माणूसच नव्हता.)

बुधवारी बाळाला पाजून, निजवून, बाटलीत दूध काढून ठेवून यूनरू टोपी आणि मास्क लावून निघाली. जाताना तिने पट्टा माझ्या मनगटाला बांधला आणि म्हणाली, "तुला फक्त पडून राहायचंय. काही करू नकोस. काही सुधारू नकोस."

मी पलंगावर पडलो. छताकडे बघितलं. मनगटाकडे बघितलं. नाडी ऐंशी. मी स्वतःला समजावलं, की आईला फसवणं हे इथे साध्य नसून साधन आहे. नव्वद. मी डोळे मिटून लांब श्वास घेतला. श्वास घेताना जिन्यात पावलं वाजल्यासारखी वाटली. शंभर. पावलं शेजाऱ्यांची होती. एकशे दहा. तेवढ्यात फोन वाजला.

"यूनरू झोपलीय का?" आईचा आवाज. मागे कसलासा गोंगाट होता. बाजारात असेल, असं मला वाटलं.

"हो. गाढ."

"मग तिची नाडी का धावतेय?"

"स्वप्न पडलं असेल."

"कसलं स्वप्न?"

"तुझं," मी म्हणालो. एवढ्या घाईत दुसरं काही सुचलं नाही.

"मी येऊ का?"

"नको, नको. उतरतेय. बघ, उतरतेय."

उतरत नव्हती. त्यात बाळ जागं झालं. मी लेकीला खांद्यावर घेऊन डोलवायला लागलो, आणि पट्टा माझी पावलं मोजायला लागला. पुन्हा आईचा निरोप: 'ती चालतेय का?' एका हातात बाळ, दुसऱ्या हाताच्या मनगटावर यूनरू, अशा अवस्थेत मी स्वयंपाकघरात शिरलो, आणि समोर टेबलावर माझ्या सूपाचा मुळा पडला होता. पांढरा, जाडजूड, शांत.

मी पट्टा काढून त्याला बांधला. मुळा पलंगावर ठेवला. त्याच्यावर पांघरूण घातलं, खाली उशी दिली. (उशी का दिली, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.) हिरवा दिवा लुकलुकला. नाडी चौसष्ट. हलेना की डुलेना. थोड्याच वेळात आईने फुलांचं चित्र पाठवलं, त्यावर लिहिलं होतं, 'शांत झोप, सुखी घर.'

आता पुढचं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. म्हणजे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. आमच्या घरी सगळ्यांना असतंच.

आई बाजारात नव्हती. आधी दाराशी बसण्याच्या आणि मग फोनवर नाडी बघण्याच्या नादात तिचे सगळे शनिवार चुकले होते. आता पहारा द्यायला पट्टा आहे, तर आपणही जरा केस धुऊन घ्यावेत, असं तिच्या मनात त्या बुधवारी आलं. ती क्वेइ मावशीच्या दुकानात शिरली तेव्हा यूनरू मागच्या तिरप्या खुर्चीत, डोकं पाण्याच्या भांड्यात आणि डोळ्यांवर टॉवेल, अशी आडवी होती. आई शेजारच्या खुर्चीत बसली. मला फोन तिने तिथूनच केला होता.

"बघ क्वेइ," फोन पुढे धरत ती म्हणाली, "माझी सून. आत्ता नाडी धावत होती. मी फोन केला, शांत झाली. माझ्या नुसत्या आवाजाने."

"कुठेय ती?"

"घरी, पलंगावर. गाढ झोपलीय."

"छान," क्वेइ मावशी म्हणाली आणि तिने पाण्याची धार बारीक केली.

आईने शेजारी पाहिलं. "ही कोण?"

"नवीन गिऱ्हाईक आहे. फार बोलत नाही."

"केस दाट आहेत."

"आहेत खरे."

"माझ्या सुनेचेही असेच आहेत. पण ती धूत नाही हो. गुणी आहे."

टॉवेलखाली यूनरूने श्वास धरून ठेवला होता. ती पोहण्याची शिक्षिका आहे म्हणून निभावलं, दुसरी कुणी असती तर संपलीच असती.

आणि वर बाळाला भूक लागली. मी बाटली दिली. तिने एक घोट घेतला, चव बघितली, आणि तो माझ्या शर्टावर परत केला. मग तिने असा सूर लावला की समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली. मी तिला उचललं आणि दोन जिने उतरून थेट दुकानात शिरलो.

"यूनरू, आटप, ही काही केल्या..."

दुकानात डोक्याला फेस लावून बसलेल्या सगळ्या बायकांनी वळून पाहिलं. त्यातली एक आई होती.

आईने माझ्याकडे पाहिलं. बाळाकडे पाहिलं. शेजारच्या टॉवेलकडे पाहिलं. टॉवेल हलला. मग तिने फोनकडे पाहिलं, चष्मा पुसला, आणि पुन्हा फोनकडे पाहिलं.

"यूनरू इथे आहे," ती म्हणाली.

"हो."

"बाळ तुझ्याकडे आहे."

"हो."

"मग घरी कोण झोपलंय?"

या प्रसंगासाठी माझ्याकडे एक भाषण तयार होतं. मी ते कितीतरी दिवस मनात घोळवत होतो.

"मुळा," मी म्हणालो.

क्वेइ मावशीने नळ बंद केला.

"कुठला मुळा?"

"तू आणलेला. सूपाचा."

"त्याला पांघरूण घातलंस?"

"घातलं."

आईने मान हलवली. सगळ्या प्रकारात तेवढं एक तरी रीतीला धरून झालं होतं. मग मला ते भाषण आठवलं. मी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि बोलायला लागलो, की आई, माणसाच्या शरीरावर पहिला अधिकार त्याचा स्वतःचा असतो, रूढी आपल्यासाठी असतात, आपण रूढींसाठी...

"आशुन," यूनरू म्हणाली, "गप्प बस आणि बाळ इकडे दे."

मी दिलं. क्वेइ मावशीने तिला सरळ बसवलं, दोघींभोवती दुकानातला मोठा कपडा गुंडाळला, आणि बाळाचा आवाज थांबला. त्या शांततेत आई म्हणाली, "महिना पहिल्यापासून."

यूनरूच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. ती रडली नाही. ती आईकडे बघून हळूच म्हणाली, "आई, मी सगळं ऐकलं. तेल खाल्लं, आलं खाल्लं, पंखा मागितला नाही. पोरं तलावावर माझी वाट बघतायत. मी फक्त दोन जिने उतरले. आणखी एक महिना नाही होणार माझ्याने. खरंच नाही होणार."

आईने तोंड फिरवलं. मग हात लांब करून तिने यूनरूच्या डोक्याला मागून, कानांच्या मागे, बोटं लावून पाहिली.

"पाणी कसलं घेतलंस?"

"कढत, ताई," क्वेइ मावशी म्हणाली. "कोंबडं सोलून निघेल असं."

आई पुन्हा फोनकडे वळली. मला वाटतं, ती बोललेला शब्द मागे कसा घ्यावा ते त्यात शोधत होती. आणि तिला ते सापडलं.

"थांब," ती म्हणाली. "मुळा आत्ता झोपलाय. मग आधीची ती धावणारी नाडी कुणाची?"

"कुठली?"

"मी फोन केला तेव्हाची. एकशे दहाची."

मी क्वेइ मावशीकडे पाहिलं. तिने यंत्र सुरू करायला घेतलं होतं, पण सुरू केलं नाही.

"माझी," मी म्हणालो.

"तू धावत होतास?"

"नाही. पडून होतो."

"पडून. काही न करता."

"हो."

आई खुर्चीतून उठली. तिच्या डोक्यावरचा फेस एका बाजूला कलला.

"तसं काही नाही," मी म्हणालो. "पट्टा चुकला असेल."

"पट्टा खोटं बोलत नाही. मुळ्याच्या बाबतीत तेवढा त्याचा गैरसमज होतो. तू मुळा आहेस का?"

यूनरू बाळावरून मान वर करून अगदी काळजीच्या सुरात म्हणाली, "मी म्हणणारच होते, आई. जिना चढून आला की हा बोलायचा थांबतो."

"हा? बोलायचा थांबतो?"

"हो ना. बराच वेळ."

"मग काहीतरी आहेच," आई म्हणाली. दुकानातल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे हळहळून पाहिलं. एकीने उठून मला बसायला खुर्ची दिली. मी नको म्हणालो, तर ती दुसरीला म्हणाली, "बघा, ओठ पांढरे पडलेत." आईने माझा हात धरून मला त्या खुर्चीत बसवलं.

"महिना तर पहिल्यापासून होणारच," ती म्हणाली. "मी बोलले ते बोलले. फक्त कुणाचा, ते मी बोलले नव्हते."

उरलेला आठवडा संपला आणि यूनरू तलावावर गेली. बाळाला मधल्या वेळेत आई तिच्याकडे घेऊन जायची आणि दूध पाजवून परत आणायची. मी पलंगावर गेलो. कचेरीतून माझी रजा आईनेच मिळवली, कारण आमचे साहेब तिच्याकडून मासे घेतात. माझ्याच हातची, रोज चालायला सांगणारी पत्रकं वाटत दुसरा कारकून गावभर हिंडला. पट्टा माझ्या मनगटावर आला. वजन माझंच भरलेलं होतं, त्यामुळे नव्याने काही लिहावं लागलं नाही. सकाळी तिळाच्या तेलातलं कोंबडं, दुपारी कलेजी, संध्याकाळी सकाळचं उरलेलं कोंबडं. दर तासाला पट्टा म्हणतो 'पाणी प्या', आणि दाराबाहेरच्या खुर्चीतून आई म्हणते, "कोमट." (खुर्ची परत आली. माझ्या बाबतीत नुसत्या पट्ट्यावर तिचा भरवसा नाही.) मुळ्याचं सूप यूनरूला मिळतं. मला मुळा थंड पडतो.

आणि माझे खांद्यापर्यंतचे केस. त्यांचंही मी वर्णन करणार नाही. बाळ आता माझ्याकडे बघून शिंकतं.

"यूनरू," एकदा सकाळी मी म्हणालो, "मला केस धुवायचेत."

"हा तुझा मूलभूत हक्क आहे," ती म्हणाली आणि पोहण्याची पिशवी उचलून निघून गेली. तिच्या केसांना शाम्पूचा वास येत होता.

दुसऱ्या बुधवारी आई बाळाला घेऊन तलावावर गेली. पुरता विचार करून मी उठलो. स्वयंपाकघरातून मुळा आणला, त्याला पट्टा बांधला, उशी दिली, पांघरूण घातलं. मग टोपी आणि मास्क लावून दोन जिने उतरलो आणि क्वेइ मावशीच्या मागच्या तिरप्या खुर्चीत जाऊन आडवा झालो. डोळ्यांवर टॉवेल आला. डोक्यावर गरम पाणी आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला वाटलं, की व्यवस्थेला हरवता येतं, फक्त माणसाने चुकांपासून शिकायला हवं.

"आशुन," माझ्या डोक्यावर फेस करता करता क्वेइ मावशी म्हणाली, "तुझ्या आईचा आत्ताच फोन येऊन गेला. म्हणाली, पोराची नाडी एकदम छान लागलीय, म्हणजे तो घरी नाही. तुझ्याकडे आला की केस नीट वाळवून पाठव."